पडद्यावरची बोली, पडद्यावरचे घर

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अकोला सोडल्यानंतर थोड्याच वेळात बार्शीटाकळीचे स्थानक लागते. अकोला जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव कालंका देवीच्या बाराव्या शतकातील मंदिरामुळे अभ्यासकांना परिचित आहे. मंदिराच्या भिंतीवरील शिल्पे पाहण्यास लोक दुरून येतात. तेथील शिलालेख वाचू शकणारे मात्र विरळाच. गावात वऱ्हाडी बोलली जाते, उर्दूही बोलली जाते, आणि बाजाराच्या दिवशी दोन्ही भाषा एकमेकींत सहज मिसळतात.

वऱ्हाडातील अशा कोणत्याही गावी लग्नसमारंभात आज एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. चित्रण करणारा तरुण मांडवात फिरत फिरत नवरदेवाच्या मामांपुढे येतो, ध्वनिक्षेपक पुढे करतो आणि म्हणतो, ‘मामा, दोन शब्द बोला.’ क्षणभरापूर्वी ‘पोरायले आधी वाढा’ असे खणखणीत आवाजात सांगणारे मामा एकदम थबकतात, टोपी सारखी करतात आणि सांगू लागतात, ‘आज मला अतिशय आनंद होत आहे.’ ‘मले’ या शब्दाचा ‘मला’ झालेला असतो. आवाज बारीक होतो, उभे राहण्याची ढब बदलते. असे करा म्हणून कोणीही सांगितलेले नसते. पुढे महिनाभराने चित्रफीत तयार होऊन येते, तेव्हा वधूवरांच्या पाठीमागे बर्फाच्छादित डोंगर आणि परदेशी बंगले दिसू लागतात. तेही कोणी मुद्दाम मागितलेले नसतात. ते असावयाचेच असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

कॅमेऱ्यासमोर माणसाने कोणत्या भाषेत बोलावयाचे, कोणाच्या नजरेस आपण पडत आहोत असे समजावयाचे आणि आपण कोणत्या घरात राहतो असे दाखवावयाचे, हे प्रश्न या साध्या प्रसंगात दडलेले आहेत. जगातील काही कलावंतांनी गेली साठ वर्षे नेमक्या याच प्रश्नांवर काम केले आहे. त्यांच्या कामास ‘व्हिडिओ कला’ असे नाव मिळाले. महाराष्ट्रात या कलेची पूर्वपीठिका अर्धशतकाहून जुनी आहे आणि तिचे काही महत्त्वाचे धागे विदर्भातही पोचलेले आहेत. तरीही तालुक्याच्या ठिकाणी चित्रकलेच्या शिक्षकांनाही तिची फारशी ओळख नसते.

चित्रपट नव्हे, मग काय?

व्हिडिओ कला म्हणजे लहान चित्रपट असा समज होण्याचा संभव आहे. चित्रपटाला आरंभ, मध्य व शेवट असतो. प्रेक्षक अंधारात एका जागी बसून तो पाहतात. व्हिडिओ कलेत बहुधा असे नसते. चित्रफीत फिरून फिरून पहिल्यापासून सुरू होत राहते. प्रेक्षक केव्हाही येतो, उभ्याने पाहतो, निघून जातो. कधी एकाच दालनात अनेक पडदे असतात आणि कोणत्या पडद्याकडे पाहावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. कधी दूरचित्रवाणीचा संच हाच शिल्पाचा भाग असतो.

कोरियात जन्मलेले कलावंत नाम जून पाईक यांना या कलेचे आद्य प्रवर्तक मानतात. १९६३ साली जर्मनीतील वुपर्टाल या गावी त्यांनी दूरचित्रवाणीचे संच मांडून त्यांवरील चित्रे मुद्दाम विकृत करून दाखविली. घरोघरी शिरलेल्या या यंत्राकडे लोक केवळ पाहत बसतात, त्याच्याशी काही करीत नाहीत, ही गोष्ट त्यांना खटकत होती. त्यांची १९७४ सालची ‘टीव्ही बुद्ध’ ही रचना तर आपल्याकडील वाचकास चटकन उमगेल अशी आहे. बुद्धाची एक मूर्ती संचासमोर बसविलेली आहे. संचामागील कॅमेरा मूर्तीचे चित्रण करतो आणि तेच चित्र त्याच क्षणी संचावर दिसते. बुद्ध स्वतःकडे पाहत बसलेला आहे. यापलीकडे त्यात काही घडत नाही. प्रेक्षक पाहण्यासाठी वाकला की मात्र तोही कॅमेऱ्याच्या टप्प्यात येतो आणि पडद्यावर बुद्धाच्या बाजूला त्याचा चेहरा उमटतो. देवळात गेलेला मनुष्य दर्शन घेतो, तेव्हा तो देवास पाहतो आणि देवही त्यास पाहतो अशी आपली श्रद्धा आहे. या यंत्रास भारतात ‘दूरदर्शन’ हे नाव मिळाले, त्यात ‘दर्शन’ हा शब्द आला तो योगायोगाने असेल. परंतु पाहणे आणि पाहिले जाणे या दोन्ही क्रिया त्यात आहेत, हे मांडवातील मामांना बरोबर कळलेले असते.

मुंबईतील एक प्रयोग

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ते प्रक्षेपण वऱ्हाडातील घरांत पोचण्यास पुढे बरीच वर्षे लागली. मुंबई केंद्र सुरू होण्यापूर्वीच मुंबईतील काही चित्रकारांनी मात्र हलत्या चित्राचा विचार सुरू केला होता. ज्येष्ठ चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ साली जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. त्या रकमेतून स्वतःसाठी चित्रे काढीत बसण्याऐवजी त्यांनी ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ नावाची एक कार्यशाळा काढली. चित्रकार, चित्रपट दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि मानसशास्त्राचे अभ्यासक यांनी एकत्र यावे, कॅमेरा व इतर सामग्री सर्वांनी वापरावी, अशी ती कल्पना होती. पदमसी यांनी स्वतः ‘सिझिजी’ हा रेषाचित्रांवर आधारलेला लघुपट १९७० साली तेथे पूर्ण केला. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या त्यांच्या दुसऱ्या लघुपटाची एकमेव प्रत पुढे हरवली. चित्रपट दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी त्या हरवलेल्या लघुपटाचा मागोवा घेणारा चित्रपट २०१६ साली केला, तेव्हा पदमसी यांनी उतारवयात त्यात भाग घेतला. २०२० साली ते निवर्तले. कॅनव्हासवरील चित्र टिकते, फीत टिकत नाही, हे या कलेचे दुखणे पहिल्या दिवसापासूनचे आहे.

या कार्यशाळेतील सर्वांत तरुण कलावंतांत नलिनी मालानी यांचा समावेश होता. कराचीत १९४६ साली जन्मलेल्या व फाळणीनंतर कुटुंबासह भारतात आलेल्या मालानी यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयातील शिक्षण १९६९ साली पूर्ण केले होते. त्याच वर्षी त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ हा छोटा रंगीत लघुपट केला. घरांची लहानशी प्रतिकृती तयार करावी, तिच्यावर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकावा, आणि एकेक चौकट चित्रित करीत जावे, अशी त्याची पद्धत होती. पडद्यावर घनाकृती घरे रंग बदलीत राहतात. त्यांत माणूस दिसत नाही. तो काळ नव्या मुंबईच्या स्वप्नाचा होता. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडली होती आणि १९७० साली राज्य शासनाने त्यासाठी सिडकोची स्थापना केली. सर्वांना हवेशीर घर मिळेल असा विश्वास तेव्हा हवेतच होता आणि तरुण मालानी यांच्या लघुपटात तो उतरला.

सात वर्षांनी, १९७६ साली, त्यांनी दुसरी फीत चित्रित केली. ही कृष्णधवल आहे. एक तरुणी उंच इमारतीच्या खिडकीतून मुंबईकडे पाहते; खाली झोपड्यांची दाटी आहे. मालानी यांनी या दोन्ही फिती शेजारी शेजारी ठेवल्या आणि या जोडकृतीस ‘युटोपिया’ असे नाव दिले. एका बाजूस रंगीत, निर्मनुष्य, देखणी घरे. दुसऱ्या बाजूस रंगहीन शहर व त्याकडे पाहणारी स्त्री. दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. ही कृती टीकात्मक आहे असे अनेक समीक्षक म्हणतात आणि ते खरेही आहे. तथापि तिचे खरे बळ निराळ्या ठिकाणी आहे असे वाटते. पहिली फीत बाईंनी पुसून टाकली नाही. स्वप्न खोटे ठरले म्हणून ते फेकून दिले नाही, आणि स्वप्न सुंदर होते म्हणून दुसरी फीत झाकलीही नाही.

ज्या गावात घरकुलाचे हप्ते चालू असलेले एखादे कुटुंब आहे, तेथे ही जोडकृती फारशी समजावून सांगावी लागणार नाही. घरकुल योजनेत पाया, भिंती, छत अशा टप्प्यांवर घराचे छायाचित्र काढून पाठवावे लागते. त्याच कुटुंबाच्या भ्रमणध्वनीत लग्नाची ती चित्रफीतही असते, परदेशी बंगल्यासह. विटांची अर्धी भिंत आणि बर्फातील बंगला, दोन्ही चित्रे एकाच पडद्यावर बोटाच्या एका सरकवणीने येतात आणि जातात.

मालानी यांनी पुढे १९९८ साली ‘टोबा टेक सिंग’ या सआदत हसन मंटो यांच्या कथेवरून एक मोठी व्हिडिओ मांडणी केली. त्या वर्षी मे महिन्यात अणुचाचण्या झाल्या होत्या. मांडणीत पत्र्याच्या बारा ट्रंका होत्या आणि प्रत्येक ट्रंकेत एक पडदा. घर सोडून निघालेला माणूस ट्रंकेत काय काय भरतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या पत्र्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मंटोंच्या कथेतील वेडा मनुष्य कोणत्याही देशाच्या भाषेत न बसणारे शब्द बोलत राहतो. मालानी यांना ही कथा का खुणावली असेल हे त्यावरून ध्यानात येते. २०२३ साली त्यांना जपानचा मानाचा क्योटो पुरस्कार मिळाला.

कोळशाने काढलेला कोळसा

व्हिडिओ कला ही मुंबईसारख्या महानगराची मिरास आहे असे समजण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती हे कोळसा खाणीचे गाव. तेथे १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते यांच्या कुटुंबातील मागील पिढ्यांनी खाणीत काम केले. पाचपुते यांनी खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात व नंतर बडोद्यास शिक्षण घेतले. त्यांचे आवडते साधन म्हणजे कोळसा. भिंतीवर कोळशाने चित्र काढावयाचे, त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, चित्राचा थोडा भाग पुसून पुन्हा काढावयाचा, पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे. अशी शेकडो छायाचित्रे एकापाठोपाठ वेगाने दाखविली की भिंतीवरील माणूस चालू लागतो. पुसलेल्या रेषेचा काळपट डाग मात्र मागे राहतो, आणि खाणीतून घरी परतणाऱ्या माणसाच्या अंगावरील धुळीशी त्याचे नाते सांगावे लागत नाही. त्यांच्या आकृतींना कित्येकदा डोक्याच्या जागी एखादे अवजार किंवा वस्तू असते. खाणीत मजूर कामाच्या नावाने ओळखला जातो, चेहऱ्याने नव्हे, ही गोष्ट एका रेषेत सांगितली जाते. कोची येथील कलाप्रदर्शनात २०१४ साली आणि त्यानंतर परदेशांतही त्यांचे काम मांडले गेले. इस्पितळ, शाळा, रस्ता आणि खाणीत गेलेली शेते यांचा जो हिशेब खाणपट्ट्यातील लोक मनाशी करीत असतात, तो या चित्रांत आहे.

मालेगावचे चित्रकर्मी

याच काळात कलादालनांच्या पूर्णपणे बाहेर एक निराळाच प्रकार घडत होता. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे यंत्रमागांचा धंदा चालतो. शुक्रवारी माग बंद असतात आणि तो दिवस सिनेमाचा. तेथील एक व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी गावातील मित्र जमवून ‘मालेगाव के शोले’ ही चित्रफीत २००० साली तयार केली. साधा व्हिडिओ कॅमेरा, उसने कपडे आणि मागावर काम करणारे नट. कॅमेरा सरकवावयाचा तर सायकल. उंचावर न्यावयाचा तर बैलगाडी. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. त्यातील नायक मागावरचा एक काटकुळा कामगार आहे आणि खलनायकाला घाण फार प्रिय आहे. गावातील गटारे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा विनोद केवळ विनोद वाटत नाही. या चित्रणाच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली अनुबोधपट केला आणि मालेगावचे नाव जगभर पोचले. अलीकडे रीमा कागती यांनी याच मंडळींवर हिंदी चित्रपट काढला. तो २०२५ साली चित्रपटगृहांत आला.

कलासमीक्षक मालेगावला व्हिडिओ कलेत धरीत नाहीत. ही वर्गवारी त्यांना लखलाभ असो. मांडवातील मामांच्या प्रसंगात जे प्रश्न दिसले, तेच येथे आहेत. उत्तर तेवढे निराळे आहे. मुंबईचा नायक मालेगावच्या गल्लीत आला, तेव्हा त्याने गल्लीचीच बोली उचलली. बोली बदलली नाही, नायकच बदलला.

वऱ्हाडीच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले. मराठी पडद्यावर व रंगभूमीवर वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की प्रेक्षकाने हसण्याची तयारी करावयाची, असा जणू संकेत पडून गेला आहे. साहित्यात उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’ कादंबरीत या बोलीला दुःखाचा पूर्ण भार पेलावयास लावून दाखविला. चित्रपटात सतीश मन्वर यांच्या २००९ सालच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये विदर्भातील शेतकऱ्याचे घर त्याच्या स्वतःच्या बोलीत बोलले. तथापि अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच. आपली बोली हसण्यासाठी आहे असे वर्षानुवर्षे पाहिलेला मुलगा मुलाखतीस जाताना ‘डोया’ऐवजी ‘डोळा’ म्हणण्याचा सराव करू लागला, तर त्यात नवल ते काय? प्रमाण भाषा त्याने शिकलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. ती शिकताना आईची बोली लपविण्याची गरज त्याला का वाटावी, हा प्रश्न मात्र उरतो.

चार खिडक्या

पडद्यावर बोलणारा आणि पडदा पाहणारा ही विभागणीच मोडून काढणारा एक प्रयोग २००६ साली दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शन या वस्तीत झाला. मुंबईच्या कलावती शायना आनंद यांनी तो केला. दुकानांत चोरांवर नजर ठेवण्यासाठी जी स्वस्त सामग्री वापरतात, तीच त्यांनी घेतली. वस्तीतील चार ठिकाणी एकेक दूरचित्रवाणी संच, त्यावर कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक ठेवला. चारही चित्रे एकाच पडद्याच्या चार कोपऱ्यांत दिसत आणि चारही ठिकाणचे लोक एकमेकांशी बोलू शकत. संहिता नव्हती, निवेदक नव्हता. एकाच गल्लीत राहूनही एकमेकांच्या घरी न जाणारी माणसे पडद्यावर शेजारी शेजारी आली. आज भ्रमणध्वनीवरून असे बोलणे नित्याचे झाले आहे. परंतु आपण ओळखीच्याच माणसांना हाक मारतो, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

आनंद व अशोक सुकुमारन यांच्या पुढाकाराने २००७ साली मुंबईत ‘कॅम्प’ हा कलावंतांचा गट उभा राहिला. पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचा असाच उलटा उपयोग त्यांनी २०२२ सालच्या ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ या सात पडद्यांच्या कृतीत केला. मध्य मुंबईतील पस्तीस मजली इमारतीवरील कॅमेरा क्षितिजावरून हळूहळू खाली झुकत जातो आणि मनोऱ्यांखालच्या वस्तीवर येऊन थांबतो. ‘युटोपिया’तील खिडकीशी उभ्या असलेल्या तरुणीनंतर सेहेचाळीस वर्षांनी मुंबई पुन्हा उंचावरून पाहिली गेली. या गटाने इतर संस्थांच्या साहाय्याने २००८ साली ‘पद्मा’ हा चित्रणांचा खुला संग्रह सुरू केला. त्यात कापून टाकलेले, कोठेही न दाखविलेले चित्रणही ठेवले जाते आणि त्यावर क्षणाक्षणाच्या टिपा लिहिता येतात. मामांचे ‘पोरायले आधी वाढा’ हे वाक्य लग्नाच्या चित्रफितीतून कापले जाते. अशा संग्रहात तेच प्रथम जपले गेले असते.

एकच दृश्य, अनेक बोली

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. वऱ्हाडीची नोंद त्यात आहे, पण ती कागदावर. शंभरांहून अधिक वर्षांनी पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे प्रातिनिधिक सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा साधने बदललेली होती. अभ्यासक गावोगावी ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन गेले. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात’ असे प्रमाण मराठीत विचारले की ऐकणारा नकळत प्रमाण मराठीतच उत्तर देतो, ही जुनी अडचण आहे. मांडवातील मामांचीच ती अडचण. त्यावर उपाय म्हणून प्रश्न तोंडी विचारण्याऐवजी चित्रे आणि छोट्या छोट्या चित्रफिती दाखविण्यात आल्या. फितीत एखादी साधी क्रिया घडते आणि पाहणाऱ्याने काय घडले ते आपल्या शब्दांत सांगावयाचे. त्याखेरीज लोकांनी सांगितलेल्या गोष्टी व आठवणीही ध्वनिमुद्रित करण्यात आल्या.

भाषाशास्त्रज्ञांनी ही युक्ती व्याकरणासाठी योजली. कलेचा हेतू त्यामागे नव्हता. पण तीच फीत कोकणात एका तऱ्हेने सांगितली जाते, खानदेशात दुसऱ्या तऱ्हेने. वऱ्हाडातला माणूस ती पाहतो, तेव्हा एकाने दुसऱ्याला वस्तू दिली हे सांगताना ‘ला’ न लावता ‘ले’ लावतो, आणि त्याच्या पुढ्यात यंत्र चालू असूनही ते दुरुस्त करावे असे त्याला वाटत नाही.